संभाव्य नियंत्रण केंद्र

युद्धसामग्रीचं प्रदर्शन सुरू व्हायच्या आदल्या दुपारी वायरमननं चौदा नंबरच्या स्टॉलचा मेन स्विच वर केला आणि मागच्या भिंतीवरचा पुरुषभर उंचीचा नकाशा आतल्या दिव्यांनी उजळला. सवयीनं त्यानं आधी दिवे बघितले. उजव्या कोपऱ्यातली एक पट्टी लुकलुकत होती. स्टुलावर चढून त्यानं ती नीट बसवली, खाली उतरला, दोन पावलं मागे सरला, आणि तेव्हा कुठे त्याची नजर नकाशावर गेली.

नकाशावर कशाचंच नाव नव्हतं. गावाचं नाही, नदीचं नाही, देशाचं नाही. करडे डोंगर, त्यांच्यामधून जाणारी निळी नदी, नदीच्या दोन्ही अंगांना पिवळे ठिपके, आणि नदी जिथे कोपरात दुमडलेल्या हातासारखी वळते तिथे एक मोठं लाल वर्तुळ. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'अठरा दिवसांचं निरीक्षण. तेवीस वॉकीटॉकी, एक संभाव्य नियंत्रण केंद्र. कारवाईनंतर सिग्नल पूर्ण बंद.'

नाव पुसलं म्हणून नदी थोडीच बदलते. ते वळण त्याच्या पायाखालचं होतं. दीड वर्षापूर्वीपर्यंत तब्बल अकरा वर्षं तो त्या दरीतल्या रुग्णालयाचा वायरलेसवाला होता. डोंगराळ मुलूख, मोबाइलला रेंज नाही, आणि साध्या वॉकीटॉकीचा आवाज एक डोंगर ओलांडतानाच दम तोडायचा. म्हणून त्यानं रुग्णालयाच्या छतावर रिपीटर बसवला होता. एक पेटी आणि एक उंच एरियल, बस. कुठूनही आलेला क्षीण आवाज ती पेटी झेलायची आणि तोच आवाज जोर लावून दरीभर पुन्हा फेकायची. सुइणी, लस नेणारे, दोन अँब्युलन्सवाले असे मिळून बावीस सेट त्यानं स्वतःच्या हातानं वाटले होते. कोणाचं बटण अडकतं, कोणाची बॅटरी लवकर उतरते, सगळं तोंडपाठ.

वायरलेसवर खरी नावं घ्यायची नाहीत, हा त्याचा नियम. म्हणून प्रत्येकाला टोपणनाव होतं. आणि रोज सकाळी सात वाजता हजेरी, हाही त्याचाच नियम. एकापाठोपाठ एक, ठरलेल्या क्रमानं, दोन शब्दांत आपलं नाव सांगायचं आणि गप्प बसायचं. कोणाचा सेट मेला असेल तर त्याच दिवशी कळावं म्हणून. लोक कुरकुरले होते. त्यानं कोणाचं ऐकलं नव्हतं.

रुग्णालयातल्या सेटपाशी बसायची त्याची थोरली बहीण. वायरलेसवर ती 'केंद्र'. हळूहळू रस्त्यातही लोक तिला केंद्रताई म्हणायला लागले होते, आणि तिला ते आवडायचं.

त्या सकाळी तो रुग्णालयात नव्हता. वरच्या गावातल्या सुइणीच्या ओट्यावर बसून तिच्या सेटची बॅटरी बदलत होता. हजेरी झाली होती. ताई अँब्युलन्सवाल्याला, ज्याला सगळे भोंगा म्हणायचे, सांगत होती, "येताना सलाइनचे दोन खोके उचल, आणि त्या म्हातारबांना आज तरी पुढे बसव, मागे त्यांना मळ" आणि तिथेच आवाज तुटला. त्याला वाटलं, रिपीटरचा फ्यूज गेला. स्वस्तातले फ्यूज आणले म्हणून त्यानं भांडारवाल्याला शिवीसुद्धा घातली. मग डोंगरापलीकडून धमाका ऐकू आला. तरीही तो चार-पाच मिनिटं बटण दाबून "केंद्र, केंद्र" करत राहिला होता. सुइणीनं शेवटी सेट त्याच्या हातातून काढून घेतला.

अकरा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयावर हल्ला करणाऱ्या फौजेनं जाहीर केलं, रुग्णालयाच्या आडून शत्रूचं नियंत्रण केंद्र चालत होतं, तांत्रिक पुरावा आहे. पुरावा दाखवा म्हणून त्यानं अर्ज केले, उंबरे झिजवले. एकच उत्तर यायचं: पुरावा गोपनीय आहे.

आणि तो गोपनीय पुरावा इथे भिंतीवर टांगला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा म्हणून. त्यात उजेड पाडायचं कामही त्याच्याच वाट्याला आलं होतं.

भावोजी पलीकडच्या स्टॉलमध्ये पाटीला खिळे ठोकत होते. ताईचा नवरा. दरीत लाकडाच्या वखारीवर होते, आता स्टॉल उभारणाऱ्या, वायरमनच्याच ठेकेदाराकडे सुतारकाम करत होते. ताई गेल्यावर दरी सोडून दोघं ह्या शहरात एका खोलीत राहत होते. एक स्वयंपाक करायचा, दुसरा भांडी घासायचा, आणि तिच्याविषयी कोणीच बोलायचं नाही.

"भावोजी, जरा इकडे या."

भावोजी आले. नकाशाकडे बघितलं. त्यांच्या तोंडात दोन खिळे होते, ते त्यांनी काढले आणि खिशात टाकले.

"लाइट लागली ना सगळी?" ते म्हणाले.

"भावोजी, ही आपली दरी आहे. हे बघा, हे रुग्णालय."

"मला डोळे आहेत."

"मग?"

"मग काय? सहाच्या आत पाच स्टॉल व्हायचेत. तू तुझं काम कर." ते दोन पावलं गेले आणि न वळताच म्हणाले, "मला ते बघायचं नाही. मला पुन्हा बोलवू नकोस."

वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाची बायको त्या लाल वर्तुळात मेली आणि हा खिळे मोजतोय, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पुन्हा नकाशा बघितला आणि धंद्याच्या सवयीनं ठिपके मोजले. तेवीस. पुन्हा मोजले. सेट तर बावीसच होते. एक ठिपका जास्त होता, नदीच्या खालच्या अंगाला, आणि तो कोणाचा ते त्याला उमगेना.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडलं. कुठे वीज गेली, कुठे दिवा उडाला तर धावायला म्हणून प्रत्येक दालनात एक वायरमन ठेवतात. ह्या दालनात तो होता. अकरा वाजेपर्यंत त्यानं स्वतःला आवरलं. मग चौदा नंबरच्या स्टॉलसमोर जाऊन उभा राहिला.

स्टॉलवर निळ्या कोटातली एक बाई होती. हसतमुख, तिशीची. एका गणवेशातल्या पाहुण्याला ती समजावत होती: तीन उपग्रह एकमेकांपासून ठरावीक अंतरावरून उडतात, जमिनीवर कोणी बटण दाबून बोललं की तो सिग्नल तिघांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो, त्या वेळेतल्या फरकावरून बोलणारा कुठे उभा आहे ते काढता येतं. ढग असोत, रात्र असो, काही अडत नाही. वायरमनला ते एका झटक्यात समजलं. हुशारी होती, यात वाद नव्हता. पाहुणा गेल्यावर तो पुढे झाला.

"मॅडम, हे कुठलं ठिकाण?"

"हा नमुना आहे," ती हसून म्हणाली. "ठिकाण सांगत नाही आम्ही."

"हे लाल काय आहे?"

"शत्रूचं नियंत्रण केंद्र होतं. नंतर पक्कं झालं ते."

"कोणी पक्कं केलं?"

"ग्राहकानं. म्हणजे तिथल्या फौजेनं."

"आणि फौजेला कोणी सांगितलं?"

त्याच्या गळ्यातला पास तिनं आता वाचला. "हे बघा, सिग्नल कुठून येतो एवढंच आम्ही सांगतो. तो कोणाचा, त्याचं काय करायचं, ते ग्राहक ठरवतो."

"मग इथे 'नियंत्रण केंद्र' असं कोणी लिहिलंय? फौजेनं लिहून पाठवलं का तुम्हाला?"

"ते संगणक सुचवतो. 'संभाव्य' लिहिलंय बघा. एका जागेतून सगळ्यांशी बोललं जातं, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमानं, थोडक्यात. लष्करी शिस्त असते ती. साधी माणसं अशी बोलत नाहीत."

सातची हजेरी. ठरलेला क्रम. दोन शब्द. क्षणभर त्याला त्या बाईचा नाही, स्वतःचाच गळा धरावासा वाटला.

"आणि ते काय बोलतात?" त्यानं विचारलं. "ते ऐकलं का कोणी?"

"नाही नाही, बोलणं आम्ही ऐकत नाही," ती घाईनं म्हणाली, जणू त्यानं तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता. "लोकांचा खासगीपणा असतो. त्याबाबतीत आमची कंपनी फार काटेकोर आहे."

अठरा दिवस. एक मिनिट ऐकलं असतं तर पुरे होतं. कोणत्याही दिवशी, कोणतंही एक मिनिट. जुलाबाच्या पुड्या संपल्या, पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या, पुलाजवळ चिखल आहे, गाडी वरून आण. बाकी त्या वायरलेसवर होतं काय? माणसं मारण्याइतका भरवसा त्या ठिपक्यांवर ठेवला, आणि त्यांचं बोलणं ऐकणं मात्र सभ्यतेत बसत नव्हतं.

"ते रुग्णालय होतं," तो म्हणाला. "त्याच्या छतावरचा रिपीटर मी बसवलाय. तिथे माझी ताई बसायची."

बाईचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. "मला असं काही सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

"आता मी सांगतोय ना."

वायरमनच्या खिशात एक जाड काळं मार्कर नेहमी असतं, कोणती वायर कुठे जाते ते लिहायला. ते त्यानं काढलं, स्टूल ओढलं आणि नकाशाच्या वरच्या टोकाला, सगळ्यांत उंचावरच्या ठिपक्याशेजारी लिहिलं: 'वरची सुईण. वय एकसष्ट.' स्विचबोर्डावर लिहितो तसं सुबक, उभं, सहज वाचता येईल असं. मग पुढचा ठिपका. 'थंडपेटी. लस नेणारी, पायी.' मग रस्त्याच्या कडेचा. 'भोंगा. अँब्युलन्स.'

"अहो, असं नका करू," बाई म्हणाली. "प्लीज. माझी नोकरी जाईल."

"ह्याचीही गेली," वायरमन भोंग्याच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला. "ढिगारा उपसताना एक पाय गेला, मग नोकरी गेली."

माणसं थांबायला लागली. पाच, मग दहा, मग रस्ता अडला. कोणीतरी फोननं फोटो काढले. गणवेशातला तो मघाचा पाहुणाही परत आला होता. त्यानं सगळं वाचलं.

"तुम्हाला ही नावं कशी माहीत?"

"सेट मीच वाटलेत. हा 'काजवा', ह्याचा सेट दर पावसाळ्यात बंद पडायचा. ही 'मावशी', हिला बटण सोडायचं लक्षातच राहायचं नाही, तिच्या कोंबड्या सगळ्या दरीला ऐकू यायच्या."

कोणीतरी हसलं. तेवढ्यात कंपनीचा साहेब गर्दीतून वाट काढत आला. पाहुणा त्याच्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे तुमच्या संगणकाला सुईण आणि सैनिक यांतला फरक कळत नाही?"

"पुढच्या आवृत्तीत ते अजून नेमकं होईल, सर," साहेब म्हणाला. "आपण आत बसून बोलू या."

पाहुण्यानं मान हलवली आणि तो त्याच्याबरोबर आत गेला. त्याला सुइणीचं काही पडलं नव्हतं. विकत घ्यायचा माल कितपत चालतो, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. वायरमनच्या हातातलं मार्कर इतकं घट्ट आवळलं गेलं की त्याचं प्लॅस्टिक करकरलं. तो पुन्हा भिंतीकडे वळला. लाल वर्तुळात त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'केंद्र. माझी ताई. औषधांच्या कोठीशेजारची खोली.' त्याखाली त्या सकाळी गेलेले बाकीचे दहा.

आता एकच ठिपका उरला. तेविसावा.

"हा कोणाचा?" गर्दीतून एकानं विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. खोटं लिहायचं नव्हतं. "हा माझा नव्हे."

"तो माझा आहे."

भावोजी उभे होते. कधी आले कोणास ठाऊक. अंगावर लाकडाचा भुसा, हातात हातोडी तशीच. ते पुढे आले, वायरमनच्या हातातून मार्कर घेतलं, पण लिहिलं नाही.

"तू मोडका म्हणून टाकून दिलेला एक सेट होता," ते म्हणाले. "तिनं मला दिला. मी तांब्याची तार जोडून चालवला. वखारीवरून, वेगळ्या चॅनेलवर बोलायचो तिच्याशी. दिवसातून चार वेळा, कधी पाच."

"काय बोलायचात?"

"काय बोलणार? जेवलीस का. डोकं दुखतंय का अजून. यायला उशीर होईल." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "तू बोलला होतास ना, कामाशिवाय बटण दाबायचं नाही. जास्त बोललं की लोकांच्या नजरेत येतं. मला वाटलं, माझ्यामुळेच."

वायरमनला आधी त्यांचाच संताप आला. नियम होता. सगळ्यांना होता. ताईनं तो मोडला आणि दीड वर्ष हा माणूस शेजारच्या चटईवर झोपून मूग गिळून बसला. एक शब्द त्याच्या तोंडापर्यंत आलाही होता. पण समोर नकाशा लखलखत होता, आणि जेवलीस का असं बायकोला विचारणाऱ्या माणसाचा कंपनीनं मोजून ठिपका केला होता, बाकीच्या ठिपक्यांसारखाच पिवळा.

"लिहा," तो म्हणाला. "तुम्हीच लिहा."

भावोजींनी लिहिलं: 'नवरा.' त्यांचं अक्षर वाकडंतिकडं आलं. तोवर पहारेकरी पोचले होते.

पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं नाही. कंपनीलाच नको होतं. ठेकेदारानं दोघांचे पास काढून घेतले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, वर, "मला तुमचं दुःख कळतं, पण माझ्या पोटावर पाय का देता?" असंही म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवर समुद्राचा नकाशा लागला, नुसती जहाजं, हे त्याला दालनातल्या दुसऱ्या वायरमनकडून कळलं. निळ्या कोटातली बाई स्टॉलवर नव्हती. तिचं काय झालं, ते कळलं नाही.

एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर फोटो आला. कंपनीनं खुलासा दिला, नकाशा केवळ नमुन्यादाखल होता. तेव्हा वायरमननं बसून कंपनीला पत्र लिहिलं. तेवीसच्या तेवीस ठिपके, प्रत्येकाचं काम, प्रत्येकाची जागा, आणि त्या सकाळी सात ते सात वीस कोण काय बोललं, जेवढं आठवलं तेवढं सगळं. चार रात्री भावोजी शेजारी बसून आठवण करून देत होते. दीड वर्षात दोघं ताईविषयी पहिल्यांदाच बोलत होते आणि मध्येमध्ये भांडतही होते. ती हजेरी घेताना खोकायची की नाही, ह्यावरून तर एकदा चांगलंच वाजलं.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. तीन ओळी. 'आपण पाठवलेल्या तपशीलवार माहितीबद्दल आभारी आहोत. चुकीचे वर्गीकरण झालेल्या स्रोतांची अशी खात्रीलायक माहिती दुर्मीळ असते. आमची प्रणाली अधिक अचूक करण्यासाठी तिचा उपयोग करण्यात येईल.'

वायरमननं ते उभ्यानंच वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तो त्या दहा बाय दहाच्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागला, आणि त्याच्या तोंडून ज्या शिव्या बाहेर पडल्या त्या भावोजींनी त्याच्या तोंडी कधी ऐकल्या नव्हत्या. त्यानं आपली माणसं लिहून पाठवली होती. कंपनीनं ती माणसं मालाची धार वाढवायला वापरली. मावशीच्या कोंबड्यासुद्धा आता त्यांच्या संगणकात गेल्या असतील, आणि पुढच्या प्रदर्शनात कोणी हसतमुखानं सांगेल, आमच्या यंत्राला आता कोंबड्याही कळतात.

तो पत्र फाडणार तेवढ्यात भावोजींनी त्याचं मनगट धरलं.

"फाडू नकोस. वाच नीट. चुकीचं वर्गीकरण झालेले, असं त्यांनीच लिहिलंय. स्वतःच्या कागदावर, सहीनिशी."

"मग?"

"मग मी सुतार आहे, मला काय कळतंय. पण कोणाला तरी कळेल."

कळलं एका वकीलबाईंना. गेलेल्यांपैकी सहा जणांच्या घरच्यांचं काम त्या आधीपासून बघत होत्या आणि आजवर त्यांच्या हाती कंपनीचा एकही कागद लागला नव्हता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते कळलेलं दिसत नाही."

"त्यांना काहीच कळत नाही," वायरमन म्हणाला.

"बरं झालं आपल्यासाठी." त्यांनी वही उघडली. "पण एक आत्ताच सांगते. तुम्हाला उभं करून विचारतील, ती हजेरी कोणी सुरू केली? इतकी कडक शिस्त कशासाठी? आणि ह्यांना विचारतील, मोडका सेट चोरून का वापरलात? तुमच्यावरच ढकलतील सगळं."

"ढकलू देत. मी सांगेन, मीच सुरू केली. बॅटऱ्या तपासायला."

"तिथे असं ओरडून नाही सांगायचं."

"ओरडत नाहीये मी."

"ओरडतोयस," भावोजी म्हणाले.

वकीलबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात करायला सांगितली. जबाब पुरा व्हायला तीन दिवस लागले.

दावा दाखल झाला. कंपनीनं आठ वकील उभे केले. पहिल्या तारखेला त्यांच्यापैकी एकानं रुग्णालयाचा उल्लेख 'ती इमारत' असा केला, तेव्हा वायरमन उठून उभा राहिला आणि न्यायाधीशांनी त्याला बाहेर पाठवलं. दुसऱ्या तारखेला तो दातओठ खात, पण बसून राहिला. हल्ली तो एका शीतगृहात वायरिंगचं काम करतो, भावोजी शाळेची बाकं बनवतात. राग उतरलेला नाही. उतरावा असं त्याला वाटतही नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे, आणि दोघांनीही त्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवली आहे.